कॅमेऱ्याचा फोकस आणि स्पष्टतेची खोली

मनुष्याचा डोळा मोठा चपळ आहे. ओसरीवर बसलेल्या आजोबांवरून तो क्षणार्धांत पाठीमागील दाराच्या चौकटीवर जातो, आणि त्याला दोन्ही सारखींच स्पष्ट भासतात. फिल्मच्या कॅमेऱ्याला ही चपळाई नाहीं. भिंग ज्या अंतरावर लावलेलें असेल, तेंच फिल्मवर रेखीव उमटतें. त्याच्या पुढचें व मागचें हळूहळू धूसर होत जातें. यांपैकीं जेवढा पट्टा पाहणाराला स्पष्ट वाटतो, ती स्पष्टतेची खोली होय.

अंतर साधण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवावयाच्या असतात. आरशाच्या, म्हणजे रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत प्रतिमा दुधी काचेवर पडते. पुष्कळ कॅमेऱ्यांत काचेच्या मध्यभागीं दुभंगलेली रेषा सरळ जुळली, कीं अंतर साधलें. मनुष्याचें चित्र असेल, तर ही रेषा त्याच्या डोळ्यांवर जुळवावी.

खोली मात्र भिंगाच्या छिद्रावर अवलंबून असते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याचें ५० मिलिमीटरचें भिंग ३ मीटरवर लावलें, तर एफ २ या मोठ्या छिद्रानें सुमारें २.८ ते ३.२ मीटरपर्यंतचेंच स्पष्ट येतें. एफ १६ या बारीक छिद्रानें सुमारें १.९ ते ७ मीटरपर्यंतचें येतें. त्याची किंमत प्रकाशांत द्यावी लागते: शटर ६४ पट अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें. उन्हांत हें निभतें, सांवलींत तिवई हवी.

येथेंच एक फसगत संभवते. बहुतेक रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत प्रतिमा उजळ दिसावी म्हणून छिद्र पूर्ण उघडें राहतें, आणि फोटो घेण्याच्या क्षणींच तें मिटतें. कडें १६ वर असलें, तरी डोळ्याला दिसते ती २ ची प्रतिमा! यासाठीं १९५९ च्या निकॉन एफसारख्या कॅमेऱ्यांत पूर्वदर्शनाचा खटका आहे. तो दाबतांच छिद्र मिटतें व काच अंधारते. नजर सरावेपर्यंत थांबून मग पार्श्वभूमि न्याहाळावी. १९७६ च्या पेंटॅक्स के १००० मध्यें हा खटका नाहीं. तेथें भिंगावरील खोलीच्या खुणा वाचाव्या.

नांदेड जिल्ह्यांत होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरांत एकच कोरीव खांब उठून दिसावा, अशी इच्छा असेल, तर मोठें छिद्र योग्य. लातूर जिल्ह्यांतील किल्लारीची गोष्ट निराळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपांत त्या भागांतील दगडमातीचीं असंख्य घरें कोसळलीं व कित्येक गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. अशा घरापुढें काढलेल्या जुन्या फोटोंत माणसें रेखीव आणि भिंत धूसर असेल, तर भिंतीचें रूप आतां कोठूनहि मिळावयाचें नाहीं. माणसांबरोबर घरहि राखावयाचें असेल, तर छिद्र बारीक करून, खटका दाबून, तें स्पष्ट दिसतें कीं नाहीं हें फोटो घेण्यापूर्वींच पाहून घ्यावें.