नोमॅडिक म्हणजे कोण?

जातीच्या इंग्रजी दाखल्यावर ‘नोमॅडिक ट्राइब’ असं छापलेलं असतं. मराठीत त्याला भटकी जमात म्हणतात. पण ‘भटकी’ म्हटलं की आपल्याला आधी कुत्रं आठवतं, नाहीतर गावानं नावं ठेवलेली बाई. मूळ शब्दाला असा डाग नाही.

‘नोमॅडिक’ ग्रीक भाषेतून आला. चाऱ्यासाठी कळप घेऊन फिरणारा, असा त्याचा जुना अर्थ. म्हणजे फिरणं हेच काम, आणि त्याला वाट ठरलेली. देशावरचे कितीतरी धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेल्या शेतात मेंढ्या बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. पावसाच्या आधी वाडा परत फिरतो. घोड्यावर बिऱ्हाड लादणारी बाई रोज नवा संसार मांडते, पण ती वाट चुकलेली नसते.

इंग्रजीत दुसरा शब्द आहे, ‘व्हेग्रंट’. त्याचाही अर्थ फिरणाराच, पण घरदार नाही, कामधंदा नाही, म्हणून संशयाचा. इंग्रजांनी आपल्याकडच्या फिरत्या लोकांकडे याच नजरेनं पाहिलं. १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यांना पोलिसांकडे हजेरी लावली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. त्यातून सुटले ते ‘विमुक्त’.

आता लॅपटॉप घेऊन गोव्यात चार महिने राहणाऱ्याला ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात, तेही कौतुकानं! मेंढरांमागे चालणारीला मात्र गावाच्या वेशीवर हटकतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायका नोमॅडिक का? शब्दाच्या अर्थानं नाही. त्यांचं गाव असतं, हंगाम संपला की त्या घरी येतात; त्यांना स्थलांतरित म्हणावं. दाखल्याचं मात्र वेगळं आहे. वंजारी समाज ‘भटक्या जमाती ड’मध्ये येतो आणि धनगर ‘क’मध्ये, मग घर-शेती पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात का असेना. कागदावरचा शब्द जमातीबद्दल बोलतो, तुम्ही आज कुठे राहता त्याबद्दल नाही. त्यामुळे ‘आमचं पक्कं घर आहे, आम्हाला दाखला कसा मिळेल?’ अशी शंका नको.

खरी अडचण पुराव्याची. विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ किंवा त्याआधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्यांचा मुक्कामच रोज बदलत होता, त्यांनी तो कुठून आणायचा? आजोबा, चुलत आजोबा यांच्यापैकी कुणी दोन इयत्ता जरी शिकलं असेल, तर त्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरमध्ये नाव आणि जात सापडू शकते. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी तहसीलमध्ये पाहता येतात. आणि लग्न झालेल्या बाईनं कागद माहेरचे शोधायचे, कारण तिची जात वडिलांकडून धरतात, नवऱ्याकडून नाही.