घरात उभे राहणारे बोइंग ७३७

घरगुती कॉकपिट म्हणजे प्रवासी विमानाच्या वैमानिक कक्षाची खोलीत उभारलेली पूर्ण आकाराची प्रतिकृती. उड्डाण होते ते संगणकात. पंखांवरची उचल, इंजिनांचा जोर, वारा, धावपट्ट्या यांचे सारे गणित मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेनसारखे सॉफ्टवेअर करते. बांधणाऱ्याला उभारायचे असते ते वैमानिकाचे हात, पाय आणि डोळे यांचे या गणिताशी नाते: माउसच्या जागी खरा खटका, कीबोर्डच्या जागी खरा दांडा, आणि प्रत्येक गोष्ट आपल्या मापात, आपल्या ठिकाणी.

कार्यशाळेत सिम्युलेटर जुळवण्याची परंपरा जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यात, भाते आणि हवेचे पंप वापरून, १९२०च्या दशकाच्या अखेरीस आपला ‘लिंक ट्रेनर’ घडवला. १९३४ साली टपाल वाहताना खराब हवामानात अमेरिकी लष्करी वैमानिकांचे बळी गेले, तेव्हा लष्कराने ही यंत्रे विकत घेतली. घरगुती संगणकावर उड्डाण आणले ते ब्रूस आर्टविक यांनी, १९७९ मध्ये अ‍ॅपल टू या संगणकासाठी. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती निघाली.

हौशी बांधणाऱ्यांमध्ये बोइंग ७३७-८०० हे विमान विशेष लोकप्रिय आहे. ७३७ चे पहिले उड्डाण १९६७ चे, पण पिढ्या बदलल्या तरी धडाची ३.७६ मीटर रुंदी कायम राहिली. नाकाची घडण तर त्याहून जुन्या ७०७ कडून आलेली. त्यामुळे भंगारात निघालेल्या जुन्या ७३७ चे नाक मिळाले, तर त्यात ८०० चे कॉकपिट बसवता येते. एअरबस ए३२० यांत्रिक दृष्टीने सोपे आहे: बाजूची छोटी साइडस्टिक, आणि स्वयंचलित वेगनियंत्रण चालू असताना जागचे न हलणारे थ्रस्ट लिव्हर. ७३७ मध्ये हे लिव्हर आपोआप पुढेमागे सरकतात आणि दोन्ही वैमानिकांसमोरचे योक, म्हणजे विमान वळवण्याचे दांडे, एकमेकांना जोडलेले असतात. काम वाढते, पण विमान काय करते आहे ते हाताला कळते.

बांधणीची सुरुवात वैमानिकाच्या डोळ्यापासून होते. खुर्चीत बसल्यावर डोळा नेमका कुठे येतो तो बिंदू धरून समोरचे पॅनल, खिडक्या आणि डोक्यावरचे ओव्हरहेड पॅनल यांची अंतरे ठरतात. चौथरा प्लायवूडचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, पॅनलांचा सांगाडा एमडीएफचा, बाहेरचे कवच फायबरग्लासचे असते. खोलीच्या दारातून बाहेर काढता येतील असे सुटे भाग आधीच आखावे लागतात.

पॅनलसाठी पांढरट, प्रकाश झिरपू देणारे अ‍ॅक्रिलिक वापरतात. त्यावर बोइंगचा करडा रंग चढवून अक्षरांपुरता तो लेझरने किंवा सीएनसी यंत्राने खरवडतात. मागे एलईडी लावले की अंधारात फक्त अक्षरे उजळतात. दोन खुर्च्यांमधल्या पेडेस्टलवरची रेडिओ पॅनले खऱ्या विमानात १४६ मिलिमीटर रुंदीची असतात आणि पाव फेऱ्यात घट्ट होणाऱ्या झूस स्क्रूंनी बसतात. हे माप पाळले की भंगारातले अस्सल पॅनलही त्याच खाचेत बसते.

यानंतर वायरिंग. एका कॉकपिटमध्ये शेकडो खटके आणि दिवे असतात, तर अर्डुइनो मेगा या स्वस्त कार्डावर ५४ डिजिटल पिना. म्हणून खटके आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत जोडतात. आठ बाय आठच्या जाळीत सोळा तारांवर ६४ खटके वाचता येतात. एका वेळी अनेक खटके चालू असताना चुकीचा संकेत जाऊ नये म्हणून प्रत्येकाला डायोड लागतो. दिशा आणि वेगाचे आकडे फिरवणाऱ्या गुंड्यांना रोटरी एन्कोडर, लिव्हरना पोटेन्शिओमीटर किंवा हॉल सेन्सर, पंखांमागच्या फ्लॅप्सची स्थिती दाखवणाऱ्या काट्याला छोटी मोटर. हे सारे सिम्युलेटरशी जोडण्याचे काम एफएसयूआयपीसी, मोबीफ्लाइट किंवा प्रोसिमसारखी सॉफ्टवेअर करतात.

खरी कसोटी आपणहून हलणाऱ्या भागांची. इंजिन सुरू करण्याचा खटका ‘ग्राउंड’वर ठेवला की तो सोलेनॉइड या विद्युतचुंबकाने धरून ठेवला जातो, आणि इंजिनाच्या आतल्या चक्राची गती सुमारे ५६ टक्क्यांवर पोहोचली की सुटून परत येतो. थ्रस्ट लिव्हरच्या मोटरला घसरणारा क्लच लागतो, कारण वैमानिकाच्या हाताने मोटरवर मात करता आली पाहिजे. विमानाचा समतोल साधणारे ट्रिमचे चाक खडखडत फिरते. सज्ज ठेवलेला स्पीडब्रेकचा दांडा विमान टेकताच स्वतः मागे येतो. फ्लॅप्सच्या लिव्हरला शून्यापासून ४० पर्यंत नऊ खाचा, त्यात १ आणि १५ पाशी अडसर. योकला स्प्रिंग लावून मध्यावर आणणे सोपे, पण खऱ्या ७३७ मध्ये वेगाबरोबर हाताला जाणवणारा विरोध वाढतो. तो आणायचा तर मोटरचलित यंत्रणा लागते.

बाहेरचे दृश्य तीन प्रोजेक्टर लावून वक्र पडद्यावर जुळवतात. पडदा दोनेक मीटरवर असल्याने एका खुर्चीवरून सरळ दिसणारी धावपट्टी दुसरीवरून तिरकी दिसते. व्यावसायिक सिम्युलेटर मोठ्या वक्र आरशाने किरण समांतर करून हा दोष टाळतात. घरी बहुधा डावी खुर्ची प्रमाण मानली जाते. दृश्यासाठी एक आणि उपकरणांच्या पडद्यांसाठी दुसरा असे संगणक नेटवर्कने जोडले, तर चित्र अडखळत नाही.

काम पूर्ण झाले का, हे तपासण्याची रीत ठरलेली आहे. वीज बंद असलेल्या विमानात बसायचे, बॅटरी, सहायक इंजिन, इंधनपंप, इंजिने या क्रमाने त्याला जागे करायचे, उडवायचे, उतरवायचे आणि पुन्हा बंद करायचे. या सगळ्यात माउसला हात लागता कामा नये. जनरेटर बंद केल्यावर जो दिवा विझायला हवा तो विझला नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा तर्कात शोधावा लागतो.

अशा कॉकपिटमधले तास वैमानिकाच्या परवान्यासाठी मोजले जात नाहीत. त्यासाठी यंत्राला नागरी विमान वाहतूक नियामकाची मान्यता लागते. सर्वोच्च दर्जाची सिम्युलेटर सहा पायांच्या हलत्या चौथऱ्यावर उभी असतात. घरच्या कॉकपिटचा उपयोग कार्यपद्धतीच्या सरावाला होतो, आणि १९९८ पासूनच्या आयव्हीएओ किंवा २००१ पासूनच्या व्हॅट्सिम या जाळ्यांवर हौशी हवाई नियंत्रकांच्या सूचना पाळत उडायला. बांधणी संपली तरी देखभाल संपत नाही. मार्ग आणि रेडिओ केंद्रांची माहिती जगभर दर २८ दिवसांनी बदलते आणि सिम्युलेटरच्या नव्या आवृत्तीनंतर काही जोडण्या नव्याने बसवाव्या लागतात.