बॉस, जरा एखादं मस्त गाणं लाव ना!

ऑफिसची पिकनिक म्हटली की बसमध्ये एक जण असतोच. पुढच्या सीटवर बसायचं, मोबाइल स्पीकरला जोडायचा आणि सगळ्यांच्या फर्माईशी झेलायच्या. ‘जुनं काहीतरी लाव’, ‘हे नको रे, झोप येते’, ‘ते नाही का, ते पावसातलं!’ आणि हा पठ्ठ्या बरोब्बर तेच गाणं काढतो. या मित्राची नोकरी सध्या धोक्यात आहे, कारण त्याच कामाला आता एआय असिस्टंट रुजू झालाय!

गेले काही महिने माझ्या लॅपटॉपवर हा प्रकार सुरू आहे. काम करता करता चॅटच्या खिडकीत लिहायचं, ‘रिपोर्ट संपवायचाय, शब्द नसलेलं काहीतरी लाव, सतार चालेल.’ दोन-चार सेकंदांत हेडफोनमध्ये सतार! ‘आवाज थोडा कमी’, ‘पुढचं’, ‘ही पाच गाणी रांगेत टाक’... सगळं साध्या मराठीत. एकदम सॉल्लिड वाटतं. पण यामागचा फंडा काय, आणि त्याची किंमत काय, तेही कळायला हवं ना?

वेटर, किचन आणि ऑर्डर

पहिली गोष्ट म्हणजे असिस्टंट स्वतः काहीच वाजवत नाही. उडप्याच्या हॉटेलात आपण वेटरला ऑर्डर देतो, वेटर किचनच्या खिडकीत जाऊन ओरडतो आणि डोसा येतो, तसंच हे. स्पॉटिफायची खिडकी म्हणजे त्यांचा वेब एपीआय. गाणं शोध, चालू कर, थांबव, पुढे ने, आवाज बदल, अशा ठरावीक ऑर्डरी तिथं चालतात. वेटर म्हणजे मधला एक छोटा प्रोग्रॅम. तो असिस्टंटला सांगतो, ‘माझ्याकडे ही ही टूल्स आहेत, हवं ते माग.’

हे सांगण्याची एक सामायिक भाषा नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने खुली केली. तिचं नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, लाडाने एमसीपी. मार्च २०२५मध्ये ओपनएआयनेही तिला होकार दिला. मग काय, हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी गाणी वाजवणारे एमसीपी सर्व्हर धडाधड लिहून फुकट वाटायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२५मध्ये तर चॅटजीपीटीच्या आतच स्पॉटिफायचं अधिकृत अॅप आलं.

दोन अटी मात्र आधीच लक्षात ठेवा. एपीआयमधून गाणं चालू-बंद करायचं तर स्पॉटिफायचं प्रीमियम खातं लागतं. आणि ऑर्डर पोहोचायला समोर कुणीतरी जागं हवं! फोनवर, लॅपटॉपवर किंवा स्पीकरवर अॅप सुरू नसेल, तर उत्तर येतं की चालू डिव्हाइसच सापडत नाही. अशा वेळी वैतागू नका. अॅप उघडा, एखादं गाणं हाताने वाजवा आणि मग हुकूम सोडा.

गीतरामायण आणि शफल?

खरी गंमत मराठी गाण्यांपाशी सुरू होते. रविवारी सकाळी आईने फर्माईश केली, ‘कट्यारमधलं काहीतरी लाव रे.’ मी जसंच्या तसं टाइप केलं. गाणं सुरू झालं आणि आतून आवाज आला, ‘हे नव्हे रे, आमचं!’

तिची ‘कट्यार काळजात घुसली’ म्हणजे १९६७चं नाटक. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. असिस्टंटने काढलं २०१५च्या सिनेमातलं, ज्यात खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायलेत. दोन्ही आपापल्या जागी झक्कास! पण आईच्या ‘आमचं’ या शब्दातली पन्नास वर्षं सर्चच्या चौकटीत कशी मावणार? तिथं पोहोचतात फक्त अक्षरं. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष. त्यात मराठी नावं रोमन लिपीत, आणि एकाच शब्दाची स्पेलिंग्ज तीन-तीन!

उपाय सोपा आहे. नाटक की सिनेमा, गायक कोण, साल कुठलं, एवढं सांगा. ‘मूळ नाटकातलं, वसंतरावांनी गायलेलं’ असं लिहिलं आणि काम फत्ते.

गीतरामायणाची तर वेगळीच कथा. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, १९५५पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, एकूण ५६ गीतं. ती एक सलग गोष्ट आहे. आदल्या रात्रीच्या पार्टीचं शफल तसंच चालू राहिलं असेल, तर सेतू बांधण्याआधीच लंकेत युद्ध! म्हणून ‘शफल बंद कर आणि पहिल्यापासून क्रमाने लाव’ हे स्पष्ट सांगायचं. सांगितलं की ऐकतो बिचारा.

‘मूड’ कुठून आणतो?

‘पावसाळी मूडचं काहीतरी’ म्हटल्यावर असिस्टंट गाणी ऐकून निवडतो, असं वाटत असेल तर सॉरी! त्याने नोट्स वाचल्यात, गाणी ऐकलेली नाहीत. पूर्वी स्पॉटिफायच्या एपीआयमध्ये प्रत्येक गाण्याची लय, जोश, आनंदीपणा असे आकडे मिळायचे. २७ नोव्हेंबर २०२४ला नव्या अॅप्ससाठी ते दार बंद झालं, तयार शिफारशींचंही. त्यामुळे त्यानंतर बनलेल्या टूलमागचा असिस्टंट निव्वळ आपल्या वाचनावर नावं सुचवतो. हिंदी-इंग्रजीत ते वाचन भरपूर. मराठीत मात्र कधी कधी अस्तित्वातच नसलेलं गाणं तो ठामपणे सुचवतो, आणि सर्च त्याच्या जवळपासचं भलतंच काहीतरी वाजवतं.

किल्ली कुणाच्या हातात?

आता जरा सीरियस. हे टूल जोडताना तुम्ही पासवर्ड देत नाही. स्पॉटिफायच्या पानावर लॉगिन करून परवानगी देता आणि टूलला तासाभराची डिजिटल किल्ली मिळते. तिच्यासोबत अजून एक किल्ली येते, जिच्या जोरावर टूल तुम्हाला न विचारता नवी किल्ली घेत राहतं. म्हणजे परवानगी एकदाच, पण दार उघडं पुढचे कित्येक महिने!

म्हणून परवानगीचं पान वाचा. सटासट ‘ओके’ दाबू नका. गाणं वाजवण्या-थांबवण्याची परवानगी वेगळी, अलीकडे काय ऐकलं ते बघण्याची वेगळी, प्लेलिस्ट बदलण्याची वेगळी. फक्त ‘पुढचं’ म्हणायचं असेल तर प्लेलिस्ट बदलण्याचा हक्क कशाला द्यायचा? ब्रेकअपनंतर रात्री दोनला आपण काय ऐकतो, ते आपल्या आईलाही माहीत नसतं! टूलने वाचलेली ती यादी असिस्टंटच्या कंपनीच्या कॉम्प्युटरपर्यंत जाते, हे विसरू नका.

अजून एक धोका. सार्वजनिक प्लेलिस्टचं नाव आणि वर्णन कुणीही काहीही लिहू शकतो, आणि असिस्टंट ते वाचतो. त्या मजकुरातच एखादा हुकूम लपवून त्याला भुलवण्याची युक्ती खरी आहे. त्याच असिस्टंटला तुमचं ई-मेलही जोडलेलं असेल, तर मामला फक्त गाण्यांचा राहत नाही. गाण्यांचं टूल आणि ऑफिसचं मेल एकाच चॅटमध्ये नको, हा माझा नियम. ऑफिसच्या लॅपटॉपवर असं काही बसवायचं तर आधी आयटीवाल्यांना विचारा. आणि टूल वापरणं सोडलं की खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची परवानगी काढून टाका. एका मिनिटाचं काम आहे.

एवढं सांभाळलं की बिनधास्त मजा घ्या. जिममध्ये, डेडलाइनच्या रात्री, भांडी घासताना हात ओले असताना याच्यासारखा जोडीदार नाही. फक्त कुणा खास व्यक्तीला गाणं पाठवायचं असेल, तर ते मात्र स्वतः शोधा. अर्धा तास गेला तरी चालेल. समोरच्याला गाण्याइतकाच तो अर्धा तासही आवडतो, बॉस!