एका ओळीचा फेरफार

2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. समजा, एखाद्या संस्थेच्या नोंदी पोस्टग्रेस या मुक्त-स्रोत डेटाबेसमध्ये आहेत आणि माणूस येईल तसतसा त्याचा पत्ता बदलला जातो आहे. पोस्टग्रेस जुनी ओळ लगेच पुसत नाही. तो नवी प्रत लिहितो आणि जुनी काही काळ राहू देतो, म्हणजे त्याच क्षणी वाचणाऱ्याला अर्धवट बदल दिसत नाही. या सोयीची किंमत पूर्वी भारी होती. नाव, गाव, खाते क्रमांक अशा रकान्यांवर शोधासाठी पाच सूची (इंडेक्स) असतील, तर बदल फक्त पत्त्यात होऊनही पाचही सूचींत नवी नोंद पडे. वर मेलेल्या प्रतींची साफसफाई वेगळी.

फेब्रुवारी 2008 मधल्या 8.3 आवृत्तीने हा भार हलका केला. सूचीतला एकही रकाना बदलला नसेल आणि आठ किलोबाइटच्या त्याच पानात जागा असेल, तर नवी प्रत तिथेच जुनीला जोडून ठेवायची. सूचींना हात लावायचा नाही. मेलेल्या प्रतींची जागाही पान वापरताना मोकळी होते. ‘हॉट’ नावाचे हे काम मुख्यतः पुण्यातले अभियंते पवन देवलसी यांचे. आवृत्तीच्या टिपणात त्यांच्या नावासोबत इतर अनेकांच्या कल्पनांचाही उल्लेख आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्या उल्लेखात आहे. हात वाढले म्हणून सॉफ्टवेअर वेगवान होत नाही. दुसऱ्याचे काम उलटून पाहणारे आणि वेळी परत पाठवणारे लोक असले, तरच मिळालेला वेग टिकतो.

यावर आक्षेप असा की पोस्टग्रेस घडवणारी ही मंडळी कंपन्यांची पगारदार, मग मुक्त-स्रोत समुदाय कसला? पण पगाराने वेळ मिळतो, मान्यता नाही. देवलसींनीच पुढे ‘वॉर्म’ ही योजना मांडली: एखादा सूचीबद्ध रकाना बदलला तरी बाकीच्या सूची वाचवायच्या. गरज खरी होती. 2016 मध्ये उबरने पोस्टग्रेस सोडताना याच जादा लेखनाकडे बोट दाखवले होते. तरीही ‘वॉर्म’ स्वीकारली गेली नाही. मात्र तिची कसून चाचणी घेताना, चालू डेटाबेसवर सूची बांधताना ती बिघडू शकते अशी जुनी चूक देवलसींना सापडली. फेब्रुवारी 2017 मध्ये ती दुरुस्त झाली. नाकारलेल्या कामाची ही कमाई कुठल्याच वेगाच्या तक्त्यात दिसत नाही.

दुसरा आक्षेप संथपणाचा, आणि तो खरा आहे. अशा जादा नोंदींनी सूची फुगण्याच्या दुखण्यावर वेगळा उतारा यायला 2021 ची 14वी आवृत्ती उजाडली. उबरसारख्याला थांबणे परवडत नाही, हेही मान्य. पण पत्ता झटकन बदलून खाते सूचीतून हरवत असेल, तर त्या चपळाईला कोण विचारतो?

पोस्टग्रेसच्या समुदायात पॅच, म्हणजे बदलाचा प्रस्तावित कोड, देणाऱ्याने दुसऱ्याचाही पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. धाराशिवच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला शिरकाव तिथूनच सोपा: पॅच लावण्याआधी आणि नंतर, त्याच यंत्रावर, सूची कमी-जास्त करत मोजायचे, आणि वेग वाढला नाही तर तसे आकड्यांसह लिहायचे.