स्वयंपाकघरातील मोरी : जयणेची कसोटी

जैन गृहस्थाच्या घरात देवघराइतकीच जपली जाणारी जागा म्हणजे स्वयंपाकघर. पाणी गाळूनच घ्यायचे, धान्य निवडूनच दळायचे, चूल पुंजूनच पेटवायची, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, हे संस्कार आपल्या माता-भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. मात्र पाणी घरात येते तेव्हा आपण जितके सावध असतो, तितके ते घराबाहेर जाताना असतो का? स्वयंपाकघरातील सिंक गळू लागले, तुंबू लागले, तर आपण खाली एक बादली ठेवतो आणि ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणून विषय सोडून देतो. दुकानातील हिशेब एक दिवस न थकवणारी आपली घरे सिंकखालची गळती महिनोन्‌महिने थकवतात. या दिरंगाईची धार्मिक आणि व्यावहारिक किंमत काय, याचा विचार करण्यासाठी हा लेख.

मोरीपासून सिंकपर्यंत

स्वारगेटच्या जेधे चौकाच्या एका अंगाला शुक्रवार पेठ, गुरुवार पेठ, भवानी पेठ, तर दुसऱ्या अंगाला मुकुंदनगर, गुलटेकडी आणि मार्केट यार्ड. या पट्ट्यात व्यापारी जैन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांपैकी अनेकांच्या मागच्या पिढ्या पेठांतील वाड्यांत राहिल्या. तेथे शहाबादी फरशीची मोरी जमिनीलगत असे. भांडी राखेने घासली जात, मोरी उघडी असल्याने ओल कोठे आहे ते डोळ्यांना दिसे आणि वाऱ्याने ती लवकर सुकेही. पुढे इमारती आल्या, कडाप्प्याचे ओटे आले आणि मोरी ओट्यावर चढून सिंक झाली. सोय वाढली, पण पाण्याची वाट कपाटाच्या दाराआड गेली. तेथे काय चालले आहे, हे दुर्गंधी येईपर्यंत कळेनासे झाले.

जुन्या मोरीचा एक अवशेष मात्र टिकून आहे. सांडपाणी वाहून नेताना वास आणि झुरळे वर येऊ नयेत म्हणून जमिनीत बसवतात त्या पाण्याच्या अडसराला भारतीय अभियंत्यांच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’ असेच म्हणतात. आपल्या न्हाणीघरातला शब्द असा थेट बांधकामशास्त्रात जाऊन बसला आहे. सिंकखाली असतो तो बाटलीच्या आकाराचा ‘बॉटल ट्रॅप’. दोन्हींचे तत्त्व एकच : थोडे पाणी नेहमी अडून राहते आणि खालची हवा व कीटक वर येत नाहीत.

गळती आणि आठवे व्रत

पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्काय जीव असतात, ही आपली श्रद्धा. नळातून दर सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. श्रावकाच्या आठव्या, म्हणजे अनर्थदंड-विरमण व्रतात प्रमादाचरणाचा निषेध आहे, आणि निष्कारण पाणी सांडणे हे त्याचे ठळक उदाहरण. स्वयंपाकासाठी वापरलेल्या पाण्याला प्रयोजन असते. झिजलेल्या वॉशरमुळे गळणाऱ्या पाण्याला कोणते प्रयोजन?

याहून गंभीर गोष्ट कपाटाच्या आत घडते. ओल्या प्लायवूडवर बुरशी धरते, भिंतीच्या कोपऱ्यात शेवाळ येते. शास्त्रदृष्टीने हे अनंतकाय. एकदा ते उत्पन्न झाले की खरवडले तरी हिंसा आणि ठेवले तरी वाढ. म्हणून जीव उत्पन्न झाल्यावर काय करावे, या विचारापेक्षा त्यांची उत्पत्तीच होऊ न देणे ही खरी जयणा. वेळेवर घट्ट केलेला एक जोड या अर्थाने धर्मकार्यच आहे.

बिघाड नेमका कोठे?

प्लंबरला बोलावण्यापूर्वी दहा मिनिटे दिली तर बहुतेक वेळा दोष घरच्या घरी सापडतो. सिंकखालची जागा कोरड्या फडक्याने पुसून तेथे जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि पुढील क्रमाने पाहावे. नळ बंद असतानाच कागद भिजला, तर दोष नळाच्या जोडणीत आहे. सिंकचे तोंड बुचाने बंद करून ते अर्धे भरले आणि पाणी स्थिर असतानाच खाली थेंब आले, तर तळाच्या जाळीखालील जोड, ज्याला प्लंबर ‘वेस्ट कपलिंग’ म्हणतात, ढिला झाला आहे. बूच काढून पाणी सोडल्यावरच गळती दिसली, तर ट्रॅप किंवा पुढचा पाइप तपासावा. ओटा धुतल्यावरच ओल येत असेल, तर सिंकची कड आणि दगड यांमधील सिलिकॉनची सांध गेली आहे.

या चारही दोषांवरचे पहिले उपाय स्वस्त आहेत : वॉशर, रबरी रिंग, नवा बॉटल ट्रॅप किंवा सिलिकॉनची एक नळी. रविवार पेठेतील बोहरी आळीत यांतली प्रत्येक वस्तू मिळते. जुना सुटा भाग सोबत नेला म्हणजे मापाची चूक होत नाही.

तुंबलेली वाट आणि ॲसिडची बाटली

सिंक तुंबले की अनेक घरांत हात आधी ॲसिडच्या बाटलीकडे जातो. हा मार्ग सर्व बाजूंनी तोट्याचा आहे. पाइपात साचलेल्या अन्नकणांतील जीवांचा तर तो संहारच. ॲसिडने स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि सिमेंटचे सांधे खाल्ले जातात. ते ब्लीचिंगच्या द्रावणाशी मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. त्या वेळी सिंकसमोर उभी असते ती बहुधा भांडी घासणारी ताई. तिचे डोळे, हात आणि फुप्फुसे आपल्या घाईचे मोल देतात. एकेंद्रियाची जयणा करणाऱ्याने समोरच्या पंचेंद्रियाचा विसर पडू देऊ नये.

उकळते पाणी ओतण्याची सवयही सोडावी. मोरीत गरम पाणी टाकू नये, हा आपल्याकडील जुना दंडक आहे. पक्के पाणी किंवा भाताचे ओसामण उरले तर ते निववूनच टाकण्याची रीत. आजचे पाइप बहुधा पीव्हीसीचे असतात आणि उकळत्या पाण्याने ते नरम होऊन वाकतात, सांधे सुटतात. अहिंसेसाठी पाळलेला नियम पाइपालाही वाचवतो.

योग्य मार्ग असा. ट्रॅपखाली बादली ठेवून त्याचे झाकण हाताने फिरवून काढावे, आतील गाळ ब्रशने स्वच्छ करावा आणि तो मुंग्या व हिरवे गवत नसलेल्या मोकळ्या, कोरड्या जागी परठवावा. तरीही पाणी अडले तर रबरी पंप किंवा लवचीक तार वापरावी. वरच्या-खालच्या मजल्यांवरही त्याच वेळी पाणी तुंबत असेल, तर दोष सामाईक वाहिनीत आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामाईक वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, तर घरातील गळतीचा भार सभासदावर असतो. आपल्या सिंकमुळे खालच्या कुटुंबाच्या छताला ओल आली असेल, तर त्यांच्या तक्रारीची वाट न पाहता आपणच त्यांच्या दारी जावे.

तुंबण्याचे मूळ मात्र ताटातच असते. तूप-तेल पाइपात थंड होऊन थिजते, कणीक आणि बेसन त्यावर चिकटतात. थाळी धुऊन पिण्याची आपली परंपरा पाळणाऱ्या घरातून अन्नाचा कण मोरीत जात नाही. निदान तुपकट भांडे कागदाने पुसून मग धुवावे. उष्टे दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, पडून राहू नये, हा समूर्च्छिम जीवांच्या रक्षणाचा नियम. तो पाळला की रात्री सिंकमध्ये भांडी राहत नाहीत आणि झुरळांना आमंत्रणही जात नाही.

दुरुस्ती की बदल?

तळाच्या छिद्राभोवती स्टील आरपार गंजले असेल, कोपऱ्याचा सांधा फाटला असेल किंवा कडाप्प्याला खोल तडा गेला असेल, तर मात्र ठिगळे लावत बसू नये. साबण आणि ताणामुळे तेथील लेप सुटतो आणि गळती अधिक खोलवर जाते. इतर बाबतीत दुरुस्तीलाच प्राधान्य द्यावे. नव्या वस्तूच्या निर्मितीतही आरंभ-समारंभ असतोच.

नवे सिंक घेताना व्यापाऱ्याची नजर ठेवावी. पत्र्याचा गेज जितका लहान, तितका पत्रा जाड : १८ गेज सुमारे १.२ मिलिमीटर, तर २० गेज सुमारे ०.९ मिलिमीटर. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असल्याने ते गंजाला दीर्घकाळ तोंड देते. २०२ प्रतीत निकेल कमी आणि मँगनीज अधिक. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील ३०४ च, हा समज चुकीचा. २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. म्हणून प्रत बिलावर लिहून घ्यावी. ओट्यातील छेदाचे माप आणि भिंतीतील पाइपाची उंची आधीच मोजावी. खोल सिंक आकर्षक दिसते, पण त्याचे तोंड पाइपाच्या खाली गेले तर पाणी साचतच राहील. जुने सिंक भंगारात द्यावे. स्टील पुन्हा वितळून उपयोगात येते.

चौमासीपूर्वी

पावसाळ्यात ओल सुकत नाही आणि जीवोत्पत्ती सर्वाधिक होते, म्हणूनच साधु-साध्वी भगवंत चार महिने एका ठिकाणी स्थिर राहतात. आषाढ चौमासीपूर्वी आपण धान्याचे डबे, पापड, लोणची पाहतो, मसाले तपासतो. त्याच यादीत सिंकखालचे कपाट लिहावे. पाणीपुरवठा बंद असतो तेव्हा नळ उघडा राहिला नाही ना, हे पाहूनच बाहेर पडावे. पाणी परत येईल तेव्हा सिंक तुंबलेले असले तर सारे घर भिजेल. पालिताण्याच्या यात्रेसाठी घर बरेच दिवस बंद राहणार असेल, तर ट्रॅपमधील पाणी आटते आणि झुरळांची वाट मोकळी होते. निघताना सिंक कोरडे पुसून त्याच्या तोंडावर घट्ट बूच बसवावे.

हे काम घरातील एकाने, शक्यतो तरुणाने, अंगावर घ्यावे. महिन्यातून एकदा कपाटाचे दार उघडून आत हात फिरवला आणि तो कोरडा निघाला, तर जयणेचे एक कर्तव्य त्या महिन्यापुरते पार पडले असे समजावे.