मॉरिशसचीं वादळें आणि पाण्याची वाट

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटांत आपल्या कोंकणांतून ऊंसमळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज आजहि नांदत आहेत. यास्तव तेथील पर्जन्याची हकीकत शेतकरी बंधूंस परकी वाटूं नये. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथें चक्रीवादळांचें भय असतें. बेटाभोंवतीं पोंवळ्यांच्या खडकांचा कोट असल्यामुळें खवळलेल्या समुद्राच्या लाटा पुष्कळ अंशीं बाहेरच फुटतात. मात्र त्या कोटास खिंडारें आहेत.

शेजारच्या रियुनियन बेटाचे उंच डोंगर ओला वारा अडवितात. तेथें १९६६ च्या जानेवारींत एका अहोरात्रांत १८२५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें ७२ इंच, पाऊस झाला. आमच्या देशावर कित्येक तालुक्यांत तीन वर्षें मिळूनहि इतका पडत नाहीं!

१९६० सालीं जानेवारींत 'अॅलिक्स' व फेब्रुवारींत 'कॅरल' अशीं दोन वादळें मॉरिशसवर आलीं आणि त्या वर्षीं साखर मागील वर्षाच्या निम्म्याहूनहि कमी निघाली. तरी तेथील शेतकऱ्यानें ऊंस सोडला नाहीं. कारण उघड आहे. ऊंस आडवा झाला तरी त्याचें बेट जमिनींत राहतें व खोडवा पुनः फुटतो; फळझाड एकदां उन्मळलें कीं वर्षांची मेहनत गेली.

परंतु ३० मार्च २०१३ रोजीं पोर्ट लुईस शहरांत वादळ नसतां दोन तासांच्या आंत सुमारें १५० मिलिमीटर पाऊस कोसळून ११ माणसें दगावलीं. कांहीं तर रस्त्याखालील भुयारांत सांपडलीं. पाण्यास वाट नव्हती. आपल्याकडेहि मोजणीच्या नकाशांत ओढे दाखविलेले असतात. पण बांध सरकवून पोटखराब्यासुद्धां ते नांगरलेले प्रस्तुत लेखकानें नोकरींत असतां पुष्कळ ठिकाणीं पाहिले आहेत.