मॅटवरचे अनोळखी

जानेवारी २०१९ च्या अखेरीस पनवेलहून रोह्याची गाडी पकडली, तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आपट्याला गर्दी वाढली, पेणला आणखी वाढली. नागोठणं येईपर्यंत दारातली पोरं एका हातावर लोंबकळत होती. रोह्यात ६६ वी वरिष्ठ गटाची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा होती. प्रो कबड्डीच्या सहाव्या मोसमाची अंतिम लढत मुंबईत ५ जानेवारीला होऊन गेली होती, त्यामुळे महिनाभरापूर्वी टीव्हीवर पाहिलेले खेळाडू आता आपल्या रायगड जिल्ह्यात प्रत्यक्ष दिसणार होते. डब्यात सगळीकडे एकच नाव होतं, सिद्धार्थ देसाई.

‘‘इतके दिवस हा पोरगा होता तरी कुठं?’’ एकाने विचारलं. खिडकीशी बसलेले एक म्हातारे आगरी गृहस्थ, गुडघ्याला जुनी पट्टी, बहुधा कधीकाळचे कोपरारक्षक, शांतपणे म्हणाले, ‘‘होता तिथंच होता. आपुनच बघत नव्हतो.’’

त्यानंतर गेली काही वर्षं मी प्रो कबड्डीचे मोसम, लिलाव आणि गुणतक्ते मांडून बसतो आहे. मोसमाच्या सुरुवातीला कुणी ज्यांचं नावही घेतलं नव्हतं, ते शेवटी वर कसे येतात, एवढंच मला शोधायचं होतं. त्या म्हाताऱ्याच्या वाक्यापेक्षा चांगलं उत्तर अजून हाती लागलेलं नाही. फक्त त्यामागची कारणं आता थोडी नीट सांगता येतात.

सिद्धार्थपासूनच सुरुवात करू. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातलं हुंदळेवाडी हे त्याचं गाव. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्याच लिलावात सर्वांत महाग ठरला तो मोनू गोयत. हरियाणा स्टीलर्सने त्याच्यासाठी १ कोटी ५१ लाख मोजले. मोसम संपला तेव्हा हरियाणा आपल्या गटात तळाला होता आणि सिद्धार्थच्या नावावर चढाईचे २१८ गुण होते, तेही पदार्पणाच्या मोसमात. उंच, अंगापिंडाने भरलेला हा गडी दोघं-तिघं अंगावर लटकत असतानाही त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत न्यायचा. लोकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हणायला सुरुवात केली. पहिल्या काही सामन्यांत समोरच्या बचावफळ्या अक्षरशः चाचपडत होत्या. त्याचा हात कुठवर पोहोचतो, तो कोणत्या पायावर वळतो, बोनस कधी घेतो, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. कबड्डीत अनोळखी असणं हीसुद्धा एक ताकद असते. पकडीचं सगळं गणित आधी पाहिलेल्यावर चालतं. घोट्याला झेपावायचं की मांडीला, हे कोपरारक्षक क्षणात ठरवतो, आणि तो क्षण आठवणीतून येतो. आठवणच नसेल तर हात अर्धा क्षण उशिरा जातो. तोवर गडी पलीकडे.

यू मुंबा मात्र त्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून २९-३४ असा हरला. पुढच्या मोसमात तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. त्याने पुन्हा २०० च्या वर गुण मिळवले, पण टायटन्स गुणतक्त्यात तळाकडेच राहिला. आठव्या मोसमात सिद्धार्थ सुरुवातीलाच दुखापतीने बाहेर गेला आणि त्या संघाला २२ सामन्यांत एकच विजय मिळाला.

इथे खेळाचा एक साधा नियम समजून घ्यायला हवा, कारण त्यातच बऱ्याच आश्चर्यांची चावी आहे. गडी बाद झाला की बाहेर बसतो. सोबत्यांनी गडी टिपला किंवा पकड केली, की बाद झाल्याच्या क्रमाने एकेक जण आत येतो. क्रिकेटमध्ये विराट कोहली बाद झाला तर निदान त्याच्या धावा फलकावर राहतात आणि सामना पुढे जातो. कबड्डीत तुमचा कोट्यवधींचा चढाईपटू बाकावर बसलेला असतो आणि त्याला आत आणायचं काम २०-२५ लाखांच्या पोरांच्या हाती असतं. ती पोरं कच्ची असतील तर तो पाच-पाच मिनिटं बसून राहतो, दरम्यान सगळा संघ बाद होऊन लोण चढतो, समोरच्याला वरचे २ गुण मिळतात आणि सामना हातचा जातो. म्हणून या खेळात एकट्याच्या बळावर मोसम निघत नाही.

पवन सेहरावतइतका याचा सज्जड पुरावा दुसरा नाही. तो आजच्या काळातल्या सर्वोत्तम चढाईपटूंपैकी एक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१९ च्या त्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने २२ गुण घेऊन बंगळुरू बुल्सला विजेतेपद मिळवून दिलं. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो मोसमाबाहेर गेला. सगळ्यांनी थलायवाजला सोडून दिलं. तोवर हा संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नव्हता. त्या वर्षी तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. नरेंदरने चढाईचं ओझं उचललं, महाराष्ट्राच्या अजिंक्य पवारने साथ दिली, कोवळ्या बचावफळीने दम धरला. पुढच्या वर्षी पवन तेलुगू टायटन्सकडे गेला, २ कोटी ६० लाख ५० हजारांना. तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती. टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले आणि शेवटचा क्रमांक घेतला. यात पवनची चूक नाही. त्याच्या बरोबरीने चढाई करणारा आणि त्याला आत आणणारा कुणी नव्हता. पवन नसतानाचा तोच टायटन्स २०२५ मध्ये अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत आला.

तिथे त्याला रोखलं पुणेरी पलटणने. या संघाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण महाराष्ट्राच्या संघाने इतक्या शहाणपणाने आपली माणसं घडवल्याचं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

करोनाने एक वर्ष बुडाल्यावर आठवा मोसम डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना सुरू झाला. पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावं होती, पण चढाईचा भार पेलला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नव्या पोरांनी. अस्लम अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा. संघ बाद फेरीत पोहोचला आणि बाहेर पडला. व्यवस्थापनाने नावं सोडली, पोरं ठेवली. नवव्या मोसमात बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले, इराणचा फझल अत्राचली कर्णधार झाला. उपांत्य फेरीत पंकज मोहितेच्या चढायांवर थलायवाजला ३९-३७ असं हरवलं, पण १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरने अंतिम सामना ३३-२९ असा काढून घेतला. त्या रात्री पनवेलला परतणाऱ्या लोकलमध्ये कुणी फारसं बोलत नव्हतं.

दहाव्या मोसमात कर्णधारपद अस्लमकडे आलं आणि २ कोटी ३५ लाखांना आणलेला इराणी शादलुई बचावात उभा राहिला. साखळीत २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी, २ पराभव. गुण ९६. हा आकडा मी हाताने मांडून पाहिला. विजयाचे ५ प्रमाणे ८५, बरोबरीचे ३ प्रमाणे ९, झाले ९४. उरलेले २ गुण पराभवांतले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर १ गुण मिळायचा. म्हणजे अख्ख्या साखळीत पलटण दोनदा हरली आणि दोन्ही वेळा हातातोंडाशी येऊन हरली. ‘चमत्कार’ म्हणून ज्याची वाहवा झाली, तो असा चिवट हिशेब होता.

१ मार्च २०२४, हैदराबाद. समोर हरियाणा स्टीलर्स. दोन्ही बचावफळ्या इतक्या घट्ट की एकेक गुण निघेना. मध्यंतराच्या जरा आधी पंकज मोहिते चढाईला गेला. एकाच दमात आत शिरला, हात लागला, पाय लागला आणि परतला तेव्हा हरियाणाचे ४ गडी मॅटबाहेर निघाले होते. मध्यंतराला १३-१०, शेवटी २८-२५. फरक फक्त ३ गुणांचा आणि ती एक चढाई ४ गुणांची. पलटण पहिल्यांदा अजिंक्य झाली.

पुढचं वर्ष तितकंच अनपेक्षित, पण उलट्या दिशेने. शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, अस्लम जायबंदी झाला आणि विजेती पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. अंतिम सामना नेमका पुण्यात, बालेवाडीत होता. २९ डिसेंबर २०२४ ला तिथे हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. शादलुईचं हे लागोपाठ दुसरं विजेतेपद, दोन वेगळ्या संघांकडून.

त्या रात्री माझं लक्ष मात्र हरियाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांच्याकडे होतं. २०१७ मध्ये गुजरात हा नवाकोरा संघ त्यांनी पहिल्याच मोसमात अंतिम फेरीत नेला आणि पाटण्याकडून ३८-५५ अशी हार पत्करली. आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये त्याच वर्षी सुरू झालेल्या मोसमात असंच घडलं. व्हेगास गोल्डन नाइट्स हा नवा संघ, बाकीच्या संघांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंतून उभा केलेला, पहिल्याच मोसमात स्टॅन्ले चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि वॉशिंग्टनकडून हरला. बर्फावर काय, मॅटवर काय, दुसऱ्यांनी न निवडलेली माणसं एकत्र आली की असं होऊ शकतं. गुजरातला पुन्हा २०१९ मध्ये अंतिम पराभव, मग २०२४ मध्ये हरियाणासोबत पलटणकडून पराभव. प्रशिक्षक म्हणून तीन अंतिम सामने हरलेला हा माणूस चौथ्या प्रयत्नात जिंकला. आणि पलटण? ती २०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत आली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. पुन्हा ३ गुण.

आता पनवेलकडे येतो. आमच्या भागात भातकापणी उरकली की गावोगाव मैदानं तयार होतात. माती खणून, चाळून, पाणी मारून बसवतात, फक्कीने रेषा मारतात, बांबूंना हॅलोजन बांधतात. परवाच्या हिवाळ्यात अशाच एका सामन्यात सतरा-अठरा वर्षांचा एक डावा कोपरारक्षक पाहिला. समोरचा चढाईपटू अनुभवी, वजनाने दीडपट. पोराने पाठ फिरेपर्यंत वाट पाहिली आणि घोटा धरला. बाहेरून आया-बाया ओरडल्या, ‘‘सोरू नको त्याला, सोरू नको!’’ त्याने सोडला नाही. कोपर फुटलं होतं, माती झटकून तो जागेवर उभा राहिला. पुढच्या चढाईला पुन्हा तिथेच. त्या रात्री कॅमेरा नव्हता, निवडणारा कुणी नव्हता. उद्या हा मुलगा मॅटवर दिसला तर समालोचक त्याला ‘मोसमाचं आश्चर्य’ म्हणतील.

आणि त्याच्या पायाखालची जमीन आटते आहे. नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण गाव उठतं तेव्हा घरांचे भूखंड मोजून मिळतात, गावदेवीच्या समोरचं मैदान कुठल्या कागदावर नसतं. पुरुषांच्या कबड्डीचं क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. सोसायटीच्या आवारात दहा गाड्या जेवढ्या जागेत लागतात, तेवढीच ही जागा.

म्हणून सिडकोला, महापालिकेला आणि नव्या वसाहतींतल्या सोसायट्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक पुनर्वसित गावठाणात आणि प्रत्येक सेक्टरमध्ये एवढी एक जागा कबड्डीसाठी राखून ठेवा, नकाशावर तिचं नाव लिहा. आणि वाचकहो, दिवाळीनंतर एका रात्री जवळच्या गावात हॅलोजन दिसला तर गाडी थांबवा, मैदानाच्या कडेला उभे राहा आणि त्या पोरांची नावं विचारून घ्या.